विमानतळ आणि त्याचे शेजारी

पुण्याहून नगरकडे निघालात आणि बंडगार्डनचा पूल ओलांडलात, की येरवडा लागतो. येरवडा म्हटले की बाहेरगावच्या माणसाला तुरुंग आठवतो. पण खुद्द येरवडेकराला दिवसातून पुष्कळ वेळा आठवण होते ती एका वेगळ्याच शेजाऱ्याची. वर्गात गुरुजी फळ्यावर गणित मांडत असतात आणि एकाएकी आभाळ फाटल्यासारखा आवाज होतो. गुरुजी खडू हातात धरून थांबतात. पोरेही पेन्सिली वर करून थांबतात. विमान निघून जाते आणि गणित पुढे सुरू होते. हा शेजारी म्हणजे लोहगावचा विमानतळ. येरवड्यापासून तो चार-पाच मैलांच्या आत आहे.

आता अशी कल्पना करा, की पुरंदर तालुक्यातले एक वयस्क शेतकरी लेकीकडे चार दिवस राहायला येरवड्यास आले आहेत. दोन दिवस त्यांनी हा आवाज ऐकला. तिसऱ्या दिवशी ते जावयाला विचारतात, "जावईबापू, ह्याची तक्रार करायची झाली तर ती कुणाकडे करायची हो?"

जावई म्हणतो, "मामा, नगरसेवकाला सांगून पाहू."

नगरसेवक सांगतो की विमानतळ महापालिकेचा नाही. क्षेत्रीय कार्यालयात गेले तर तेथील कारकून हात वर करतो. विमानतळावर विचारले तर उत्तर मिळते, "धावपट्टी आमची नाही, हवाई दलाची आहे." मामा घरी येतात, पाटावर बसतात आणि म्हणतात, "म्हणजे गावात एवढे मोठे जनावर आणून बांधले, आणि त्याचा धनी कोण ते कुणालाच ठाऊक नाही!"

मामांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात नवा विमानतळ होऊ घातला आहे. म्हणून विमानतळाचा धनी कोण, त्याच्यावर देखरेख कुणाची आणि शेजारी राहणाऱ्या गावाला वा शहराला त्यात बोलण्याचा हक्क किती, ह्याची आज आपण उकल करू.

आधी ओळखीचे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावचा एस.टी. स्टँड तुम्ही पाहिलेला आहे. स्टँडची जागा आणि गाड्या महामंडळाच्या. स्टँडपुढचा रस्ता नगरपालिकेचा किंवा बांधकाम खात्याचा. रिक्षांची शिस्त पोलिसांकडे. तिकिटाचे दर ठरवताना निराळ्याच अधिकाऱ्यांची मान्यता लागते. म्हणजे साधा स्टँडसुद्धा एका धन्याचा नसतो. विमानतळ हा तर स्टँडचा थोरला भाऊ. त्याचे धनी अधिक, आणि ते बसतातही अधिक लांब.

लोहगावची गोष्ट अशी. लोहगाव म्हणजे तुकोबारायांचे आजोळ. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, इंग्रजांनी तेथे आपल्या हवाई दलासाठी तळ उभारला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला. आजही तो प्रथम लष्करी तळ आहे. धावपट्टी हवाई दलाची, विमानांना चढण्या-उतरण्याची परवानगी देणारा मनोराही हवाई दलाचा. प्रवाशांची जी इमारत आपण पाहतो, ती ह्या लष्करी तळाच्या कडेला दिलेल्या जागेत उभी आहे. ती इमारत आणि विमाने उभी करण्याचे फरसबंद आवार भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असते.

'प्राधिकरण' हा शब्द वर्तमानपत्रात रोज येतो, पण त्याचा अर्थ फारसा कुणी सांगत नाही. शिक्षक मंडळींनी तो मुलांना जरूर सांगावा. प्राधिकरण म्हणजे एखाद्या विशिष्ट कामासाठी कायद्याने जन्मास घातलेली संस्था. ग्रामपंचायतीला मतदार असतात, महापालिकेला असतात. प्राधिकरणाला मतदार नसतात. त्याचे सभासद सरकार नेमते आणि ते जबाबदार असते तेही सरकारला. भारतीय विमानतळ प्राधिकरण १९९४ च्या कायद्याने ठरले आणि १ एप्रिल १९९५ पासून कामाला लागले. त्यापूर्वी मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरी अशा दोन संस्था होत्या. त्या ह्यात विलीन झाल्या. प्राधिकरणाचे हिशेब भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात आणि त्याचा वार्षिक अहवाल संसदेपुढे जातो. म्हणजे देखरेख आहे, पण ती दिल्लीतून होते.

प्रवाशांकडून व विमान कंपन्यांकडून कोणते शुल्क घ्यायचे, हेही मोठ्या विमानतळांच्या बाबतीत प्राधिकरण आपल्या मर्जीने ठरवू शकत नाही. त्यासाठी २००८ च्या कायद्याने एक वेगळा नियामक नेमलेला आहे. विमानाच्या सुरक्षिततेचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहते. दरवाजावर बंदूक घेऊन उभा असलेला जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. मोजू लागलो तर एका हाताची बोटे पुरत नाहीत.

हे असे का? संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कामांच्या याद्या आहेत. विमाने, हवाई मार्ग आणि विमानतळांची व्यवस्था ही कामे केंद्राच्या यादीत २९ व्या क्रमांकाला लिहिलेली आहेत. स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय राज्याच्या यादीत ५ व्या क्रमांकाला आहे. म्हणजे आकाश केंद्राकडे आणि त्या आकाशाखालचे गाव राज्याकडे. ह्यात मुळात चूक काही नाही. मुंबईहून निघालेले विमान दर जिल्ह्याच्या हद्दीवर वेगवेगळ्या नियमांनी उडू लागले तर ते पोहोचायचे कसे? लष्करी तळाचा कारभार प्रभाग समितीच्या बैठकीत ठरावा, असेही कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. अडचण आहे ती पुढे. निर्णय वर होतो आणि त्याचा भार खाली पडतो. ह्या दोहोंच्या मध्ये बोलण्याची वाट किती रुंद आहे, हा खरा प्रश्न आहे.

दोन उदाहरणे पाहा. लोहगावच्या धावपट्टीची दुरुस्ती निघाली, तेव्हा ऑक्टोबर २०२० पासून रात्री ८ ते सकाळी ८ पर्यंत विमाने बंद राहिली. पुढे १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे १४ दिवस नागरी विमानतळ पुरताच बंद होता. धावपट्टी हवाई दलाची, तेव्हा निर्णयही हवाई दलाचा. काम अवश्यक होते, हेही खरे. पण त्या काळात ज्याची रिक्षा उभी राहिली, ज्याचे हॉटेल बसले, त्याला विचारणारे वा त्याच्या वतीने बोलणारे ठरलेले ठिकाण कोणते होते?

दुसरे उदाहरण नव्या इमारतीचे. जुनी इमारत अपुरी पडू लागली म्हणून प्राधिकरणाने शेजारीच नवी बांधली. वर्षाला ९० लाख प्रवासी सामावतील एवढी ती मोठी. १० मार्च २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. पण प्रवासी आत गेले ते १४ जुलै रोजी. चार महिने जवळजवळ रिकामी! कारण काय, तर नव्या इमारतीसाठी सुरक्षा दलाची वाढीव माणसे मंजूर होऊन यायची होती. इमारत एका खात्याची, जवान दुसऱ्या खात्याचे. जुन्या इमारतीत गर्दीत ताटकळणारा माणूस मात्र पुण्याचा.

इतकेच काय, विमानतळाचे नाव बदलण्याचा अधिकारसुद्धा स्थानिक नाही. लोहगावच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने संमत केला. आजोळी तुकोबांचे नाव लागावे, ह्याविषयी लोहगावकरांना वेगळे सांगायला नको. तरी अशा नावाला अखेरची मान्यता केंद्राची लागते.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, "मग महापालिकेच्या हाती उरले काय? शून्य!" तसे नाही. मला वाटते, ह्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. विमान आकाशातून उडते, पण विमानतळ जमिनीवर असतो आणि जमिनीवरच्या गोष्टींवाचून त्याचे एक दिवससुद्धा चालत नाही.

पहिली गोष्ट रस्ता. वर्षाला एक कोटीच्या घरात माणसे लोहगावला ये-जा करतात. ती सारी येरवड्याच्या वा विमाननगरच्या रस्त्याने जातात. विमान मुंबईहून वा दिल्लीहून वेळेवर आले, पण प्रवासी गोल्फ क्लबच्या चौकात अडकला, तर त्या विमानतळाचा काय उपयोग? रस्ता, दिवे, पावसाळी गटारे ही कामे महापालिकेची.

दुसरी गोष्ट इमारतींची उंची. धावपट्टीच्या आजूबाजूला किती मजले चढवायचे, ह्याला मर्यादा असते. लोहगावच्या भोवती त्यासाठी हवाई दलाचा ना-हरकत दाखला लागतो आणि तो पाहून महापालिका बांधकामाला परवानगी देते. येथे महापालिका डोळ्यांत तेल घालून बसली तर विमान सुखरूप राहते आणि घर बांधणाराही फसत नाही. ती ढिली पडली तर गरीब माणूस घर बांधून बसतो आणि मग नोटीस येते. लोहगाव-धानोरीच्या बाजूला घर घेऊ पाहणाऱ्याने म्हणूनच सातबाऱ्याइतकाच हा दाखलाही पाहावा.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ती म्हणजे कचरा. १९३७ च्या विमान नियमांत ९१ वा नियम असा आहे, की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापून सोलू नयेत आणि पक्षी गोळा होतील अशी घाण टाकू नये. कारण काय? उकिरड्यावर घारी जमतात. घार उंच गेली आणि विमानाच्या यंत्रात ओढली गेली, की यंत्राचा चुराडा होऊ शकतो. विमान नुकतेच जमीन सोडून वर चढत असते किंवा उतरत असते, तेव्हा हा धोका सर्वांत मोठा. आता १० किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहा. येरवडा, विश्रांतवाडी, कळस, वडगावशेरी, सगळे त्यात येतात. म्हणजे कोट्यवधी रुपयांचे विमान आणि त्यातली दीडशे-दोनशे माणसे ह्यांची सुरक्षितता येरवड्याच्या गल्लीत सकाळी घंटागाडी वेळेवर येते की नाही, ह्यावरही अवलंबून आहे! संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांच्या कामांची जी बारावी अनुसूची जोडली, तीत घनकचरा आहे, रस्ते-पूल आहेत आणि कत्तलखान्यांचे नियमनही आहे. तेव्हा विमानतळ महापालिकेचा नसला, तरी महापालिका विमानतळाच्या कारभारात आहेच. मग तिचे म्हणणे तेवढ्याच गांभीर्याने ऐकले जायला हवे.

चौथी गोष्ट कर. हा विषय ग्रामपंचायतींनी नीट समजून घेण्याजोगा आहे. संविधानाच्या २८५ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला सहसा कर बसवता येत नाही. पाणी, रस्ता, सफाई ह्या सेवांचा मोबदला म्हणून सेवाशुल्काची गोष्ट बोलता येते, ती वेगळी. परंतु एखादे महामंडळ किंवा सरकारी कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. सरकारची ही सूट तिला आपोआप मिळत नाही, असे न्यायालयांनी सांगितलेले आहे.

ह्याचा अनुभव शिर्डीजवळच्या काकडी गावाने घेतला. शिर्डीचा विमानतळ म्हणजे वस्तुतः काकडीचा विमानतळ. तो बांधला व चालवला महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने. ही २००२ साली स्थापन झालेली राज्य सरकारची कंपनी. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते विमानतळ सुरू झाला. ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमाखाली गावातल्या इमारतींवर कर बसवू शकते. तसा तो विमानतळाच्या इमारतींवरही बसला. पुढे थकबाकी कोटींच्या घरात गेली, असे ग्रामपंचायतीचे म्हणणे झाले आणि प्रकरण तगाद्यावरून नोटिशीपर्यंत पोहोचले. ह्यात देणे किती आणि कुणाचे बरोबर, हा हिशेबाचा वाद आहे. मी त्यात शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की देशभरचे भाविक जेथे उतरतात त्या विमानतळाच्या दारात एक लहानशी ग्रामपंचायत पावतीपुस्तक घेऊन उभी राहू शकते. ते बळ तिला कायद्याने दिलेले आहे. पण त्यासाठी नमुना आठचा उतारा नीट हवा, आकारणीची यादी वेळेवर लागलेली हवी आणि ग्रामसभेचा ठराव शुद्ध भाषेत लिहिलेला हवा. दप्तर कच्चे असेल, तर खरा हक्कही कच्चा पडतो.

आता आपण मामांच्या तालुक्याकडे वळू. लोहगावला लष्करी तळाच्या मर्यादा आहेत म्हणून पुण्यासाठी वेगळा विमानतळ हवा, हा विचार जुना आहे. २०१६ साली त्यासाठी पुरंदर तालुक्यातली जागा जाहीर झाली. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही ती सात गावे. अंजीर आणि सीताफळाचा हा मुलूख. खानवडी तर महात्मा फुल्यांच्या घराण्याचे गाव. सातही गावांतून विरोध झाला, ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले.

ठरावांचे बळ किती? येथे कायद्यातली एक खाच आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, प्रकल्पाने लोकांच्या जीवनावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास करावा आणि त्यासाठी ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करावा, अशी तरतूद आहे. पुरंदरसाठी मात्र १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याचा मार्ग धरला गेला. ह्या मार्गात जमीनमालकाला नोटीस येते, त्याची हरकत ऐकली जाते, पण ग्रामसभेची मान्यता ही पायरी नाही. मे २०२५ मध्ये मोजणीसाठी अधिकारी आले तेव्हा गावकरी आणि पोलीस ह्यांच्यात झटापट झाली. लोक जखमी झाले, गुन्हे दाखल झाले. पुढे क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आणून सुमारे ३,००० एकर करण्यात आले आणि त्यानंतर पुष्कळ शेतकऱ्यांनी संमतीपत्रेही दिली.

ह्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की कायद्याने पायरी ठेवली नव्हती तरी गावांच्या आवाजाने निर्णय बदलला. क्षेत्र निम्म्यावर आले, ही काही लहान गोष्ट नव्हे. दुसरी अशी, की हे बोलणे आधी टेबलाशी बसून झाले असते, तर शेतात डोकी फुटली नसती. ज्या ठिकाणी शांतपणे ऐकून घेण्याची जागा नसते, त्या ठिकाणी माणसे रस्त्यावर जागा करतात. विमानतळ व्हावा की न व्हावा, ह्याविषयी मते दोन असू शकतात. पण ज्याची विहीर आणि बाग जाणार आहे त्याला आधी विचारावे, ह्याविषयी मते दोन असू नयेत.

मग बोलायची जागा अजिबात नाही का? एक आहे. प्राधिकरणाच्या विमानतळांवर एक सल्लागार समिती असते. अध्यक्ष तेथील खासदार. आमदार, जिल्हाधिकारी, महापालिका, पोलीस, व्यापारी ह्यांचे प्रतिनिधी तीत बसतात. पुण्यातही ती आहे. प्रवाशांच्या सोयी, रस्ते, रिक्षा-टॅक्सी, नवी विमाने असे विषय तेथे निघतात. पण नावाप्रमाणे ती सल्ला देते. सल्ला मानावाच, असे बंधन प्राधिकरणावर नाही आणि लष्कराच्या धावपट्टीवर तर नाहीच. शिवाय येरवड्याच्या शाळेतले गुरुजी किंवा लोहगावची गृहिणी ह्यांच्यासाठी त्या टेबलाशी राखीव खुर्ची नाही.

परदेशात काय करतात? इंग्लंडात मँचेस्टर नावाचे शहर आहे. तेथला विमानतळ ज्या कंपनीचा आहे, त्या कंपनीत मँचेस्टर शहराच्या परिषदेचा वाटा ३५.५ टक्के आणि शेजारच्या नऊ परिषदांचा मिळून २९ टक्के आहे. म्हणजे आपल्याकडे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवतालच्या नगरपालिका मिळून विमानतळाच्या धनी व्हाव्यात, तसे. नफा झाला तर लाभांश परिषदांच्या तिजोरीत येतो आणि त्यातून शहराची कामे होतात. ऐकायला गोड वाटते. पण २०२० साली करोनाची साथ आली, विमाने जमिनीवर बसली, लाभांश आटला आणि उलट परिषदांनाच विमानतळाला कर्ज द्यावे लागले. शिवाय जो नफ्याचा धनी, त्यालाच आवाजाची तक्रार ऐकायची असते. त्याचे मन कुठे झुकेल? तेव्हा मालकी मिळाली म्हणजे देखरेख आपोआप चांगली होते, असे समजण्याचे कारण नाही.

इंग्लंडची दुसरी रीत मला अधिक घेण्याजोगी वाटते. तेथे १९८२ च्या कायद्याने नेमून दिलेल्या विमानतळांवर असे बंधन आहे, की विमानतळाचा वापर करणारे, स्थानिक संस्था आणि परिसरातल्या लोकांच्या संघटना ह्यांच्याशी सल्लामसलतीची सोय विमानतळाने ठेवलीच पाहिजे. निर्णय विमानतळाचाच राहतो, पण आधी ऐकून घेणे ही मेहेरबानी राहत नाही, ते कर्तव्य होते.

आपल्या पंचायतीचा, नगरपालिकेचा हक्क एवढा तरी असावा, असे मला वाटते. धावपट्टीवर हुकूम चालवण्याचा हक्क कुणी मागत नाही. पण विमानांच्या वेळा बदलायच्या असतील, जमीन घ्यायची असेल, नवा रस्ता वा नवी इमारत उभी राहायची असेल, तर ते स्थानिक संस्थेला लेखी आणि वेळेवर कळावे. तिने मत दिले तर त्याला लेखी उत्तर मिळावे. मत मानले नाही, तर का मानले नाही ते सांगावे. आणि सल्लागार समितीत काय बोलणे झाले, त्याचे टिपण चावडीवर आणि क्षेत्रीय कार्यालयात लोकांना वाचायला मिळावे. लष्कराच्या गुपिताला ह्यातून धक्का लागत नाही.

पण त्यासाठी खुर्चीवर बसणारा माणूसही हवा. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षे निवडणुकीविना प्रशासकाने कारभार पाहिला. धावपट्टी लांबवण्याचे आणि त्यासाठी लागणाऱ्या जमिनीचे बोलणे ह्याच काळात चालले होते. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, तो लोहगावच्या लोकांची मते मागून आलेला नसतो. वरच्याने आपले ऐकावे असे म्हणायचे आणि आपली खालची सभाच रिकामी ठेवायची, हे कसे जमावे?

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, ह्यात आम्ही एकेकटे काय करणार? करता येण्याजोगे पुष्कळ आहे. विमानतळ प्राधिकरण माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली येते. साध्या अर्जावर माहिती मागता येते. शुल्क ठरवण्यापूर्वी नियामकाला संबंधितांचे म्हणणे मागवावे लागते, तेव्हा लेखी म्हणणे पाठवता येते. खासदाराला लोकसभेत प्रश्न विचारायला सांगता येते. ग्रामसभेत ठराव करता येतो. मात्र योग्य तक्रार योग्य दारी गेली पाहिजे. घारींचा आणि उकिरड्याचा विषय महापालिकेकडे न्या, प्राधिकरणाकडे नेऊ नका. रिक्षावाल्याने जादा भाडे मागितले तर परिवहन कार्यालयाकडे जा. इमारतीत पाणी नाही, स्वच्छता नाही, तर प्राधिकरणाच्या संचालकाकडे. उड्डाणाच्या वेळेचा प्रश्न हवाई दलाशी निगडित, तो खासदारामार्फत न्यावा हे बरे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करतो. नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर चार रकाने आखा: केंद्र, राज्य, महापालिका किंवा जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. मग मुलांना विचारा: धावपट्टी कुठे लिहायची? रस्ता कुठे? कचरा? जमीन? कर? मुले भांडतील, एक गोष्ट दोन रकान्यांत लिहा म्हणतील. लिहू द्या. संविधानाचा धडा त्यांना पुस्तकातून जेवढा कळणार नाही, तेवढा ह्या भांडणातून कळेल. गावात विमानतळ नसेल, तर धरण घ्या, महामार्ग घ्या, रेल्वेचे स्टेशन घ्या. रकाने तेच राहतील.

आणि मामांचे काय? जावयाने त्यांना हे सारे समजावून सांगितले. मामांनी पान लावता लावता ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे जनावराचे धनी पाच आहेत म्हणायचे. असू देत. पण शेण आमच्या अंगणात पडते, तर दावे कुठे बांधायचे हे तरी आम्हाला विचारून बांधा."

जावई म्हणाला, "मामा, हेच ग्रामसभेत बोला. आणि टिपणात लिहून घ्या."

मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने गावी गेले. पुढची ग्रामसभा १ मे रोजी होती.